नमुन्याचा फॉर्म

आमच्या घरात फॉर्म मी भरते. सहावीत असल्यापासून. आई सातवीपर्यंत शिकली, पप्पा दहावीपर्यंत, आणि मला त्यांनी उल्हासनगरला चार नंबर कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत घातलं. त्यामुळे छोट्या छोट्या चौकोनांत एकेक कॅपिटल अक्षर बसवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. बँकेचे फॉर्म, गॅसचे, रेशनकार्डाचे. पुढे आम्ही बदलापूरला सोनिवलीकडच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो तेव्हा आईने ही बातमी मजल्यावर पसरवली, आणि शेजारच्या काकूही हातात आधारकार्ड घेऊन यायला लागल्या. मला ते आवडायचं. अनोळखी माणसाशी काय बोलावं हे मला सुचत नाही. फॉर्म भरताना काय विचारायचं ते आधीच छापलेलं असतं.

पप्पा फायरमन आहेत. लीडिंग फायरमन, म्हणजे बंबावर जी पाच-सहा माणसं जातात त्यांच्यातला पुढचा माणूस. स्टेशन कुठलं ते लिहीत नाही. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातलं आहे एवढं पुरे. हे सगळं लिहू का, असं विचारलं तेव्हा पप्पांनी एकच अट घातली, कुणाचं नाव नको. थोडं थांबून म्हणाले, माझं तर नकोच.

त्यांच्या स्टेशनवर फॉर्म भरायची एक पद्धत आहे. कुठलाही फॉर्म आला की एकाने नीट भरायचा आणि बाकीच्यांनी तो समोर ठेवून आपापला भरायचा. त्या पहिल्या फॉर्मला ‘नमुना’ म्हणतात. मुलगी इंग्रजी शाळेतली म्हटल्यावर नमुना नेहमी पप्पांचाच. एकदा मेडिकल कार्डाच्या फॉर्मवर बंबाच्या ड्रायव्हर काकांनी बघून बघून लिहिता लिहिता पत्नीच्या नावापुढे माझ्या आईचं नाव लिहून टाकलं. ते थेट साहेबांच्या टेबलापर्यंत गेलं. पुढचे कित्येक महिने जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी विचारायचंच, “आज वहिनींनी डबा कुणाला दिलाय, तुम्हाला की ह्याला?” पप्पांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई पोळी लाटत होती. ती म्हणाली, “बोलवा त्यांना एकदा जेवायला. बघू देत काय पदरात पडलं असतं ते.” ड्रायव्हर काका खरंच आले, पोटभर जेवले, आणि तेव्हापासून आमच्या घरचेच झाले.

मागच्या उन्हाळ्यानंतर पप्पा बदलले, असं आज मी म्हणू शकते. तेव्हा तसं काही दिसत नव्हतं. ते ड्यूटीला जात होते, येत होते, टीव्ही बघत होते. दिसत होतं ते फार बारीक होतं.

आमच्या मजल्यावर चार घरं आहेत आणि चौघांच्या दारात चपलांचे रॅक. पप्पा ड्यूटीवरून आले की बेल वाजवायच्या आधी रॅकसमोर उभे राहायचे. लिफ्टचा आवाज आला की मी दाराच्या भिंगातून बघायचे, म्हणून मला माहीत आहे. आधी आमचा रॅक, मग समोरचा, मग कोपऱ्यातला. मोजत असल्यासारखे. एकदा समोरच्या काकूंच्या मुलीची सँडल आडवी पडली होती. ती त्यांनी वाकून तिच्या जोडीला लावली आणि मगच बेल वाजवली. दुसरं म्हणजे भरीत. आईने गॅसवर वांगं भाजायला ठेवलं की ते काही न बोलता खाली चक्कर मारायला जायचे. पुढे आईने वांगी आणणंच बंद केलं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. आमच्याकडे विचारायची पद्धत नाही.

मी घरूनच काम करते. परदेशातले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर जे बोलून ठेवतात ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि रिपोर्ट टाईप करायचा. झोप न लागणं, दचकणं, भूक जाणं, हे शब्द इंग्रजीत मी दिवसातून कितीतरी वेळा टाईप करते. माझं टेबल बाहेरच्या दारापासून सात-आठ पावलांवर आहे.

जानेवारीत स्टेशनवर आरोग्य तपासणी झाली. रक्त, साखर, डोळे, कान, आणि ह्या वेळी आणखी एक गोष्ट. उल्हासनगरहून एक समुपदेशक मॅडम आल्या, तासभर बोलल्या आणि प्रत्येकाला दोन पानांचा फॉर्म देऊन गेल्या. मराठी प्रती छापून यायच्या होत्या, तोवर इंग्रजीच होत्या. भरून दाराजवळच्या पेटीत टाका, माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. पप्पांनी घरी फक्त “फॉर्म आहे” एवढंच सांगितलं.

ते पहिली पाळी करून साडेतीनला आले. जेवून झाल्यावर त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला. आई शेजारी बसून मेथी निवडत होती.

“पटकन उरकून टाक,” पप्पा म्हणाले. “नाव, वय तुला माहीत आहे. बाकी सगळीकडे नो लिही.”

“यात नो नाहीये. चार चौकोन आहेत. अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज.”

“मग अजिबात नाही.”

“विचारते तरी, पप्पा.”

मी हट्ट केला असं मला वाटत नाही. फॉर्म भरताना विचारतात, म्हणून विचारलं.

पहिला प्रश्न झोपेचा होता. पप्पा म्हणाले, अजिबात नाही. आई मेथीतून मान वर न करता म्हणाली, “रोज. रोज लिही. तास-तास गॅलरीत उभे असतात.”

“तुला कोण विचारतंय? फॉर्म माझा आहे.”

“मग खरं सांगा.”

“बरं. काही दिवस.”

“हं.”

“काय हं? बरं, अर्ध्याहून जास्त लिही. संपव.”

पहिले तीन-चार प्रश्न असेच गेले, भाजीवाल्याशी घासाघीस चालते तसे. आईला मजा वाटत होती, आणि मला वाटतं थोडी पप्पांनाही. मग एक प्रश्न आला ज्याला मला मराठी शब्द लवकर सापडेना. शेवटी मी म्हटलं, “बधिर वाटतं का?”

“दात काढताना होतं तसं?”

“हो. पण आतून. म्हणजे चांगलं झालं तरी काही वाटत नाही, वाईट झालं तरी नाही.”

पप्पांनी चष्मा काढला आणि बनियनला पुसला. “हे त्यांनी फॉर्ममध्ये छापलंय?”

“हो.”

“म्हणजे बऱ्याच जणांना होत असेल.”

मी जवळजवळ रोजच्या चौकोनात खूण केली. त्यांनी अडवलं नाही.

त्याच्या पुढचा प्रश्न होता, घडलेल्या एखाद्या गोष्टीसाठी तुम्ही स्वतःला दोष देता का. पप्पा म्हणाले, “ड्यूटीत असं नसतं. रिपोर्ट क्लिअर आहे.” आणि थोड्या वेळाने म्हणाले, “चपला होत्या.”

मला आणि आईला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. मे महिन्यात एमआयडीसीतल्या एका कंपनीत आग लागली होती, एवढं आम्हाला माहीत होतं. बंब पोचला की लीडिंग फायरमनने पहिला प्रश्न विचारायचा असतो, आत किती. पप्पांनी विचारला. सुपरवायझरने हजेरीचं रजिस्टर दाखवून सांगितलं, सगळे बाहेर आहेत. आत सॉल्व्हेंटचे ड्रम फुटत होते, माणसं आत घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून पप्पांनी बाहेरूनच पाणी मारायला सांगितलं. नियमाप्रमाणे तेच बरोबर होतं. पण शेडच्या भिंतीशी, जिथे कामगार चपला काढून सेफ्टी शूज घालतात, तिथे एक जोड राहिला होता. साधी निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल. पप्पांनी तो पाहिला होता. पळताना कुणाचा तरी राहिला असेल, असं वाटलं. माल उतरवायला त्या दिवसापुरता आलेला एक माणूस होता, त्याचं नाव रजिस्टरमध्ये नव्हतंच. तो आग विझल्यावर सापडला.

“विचारायचं होतं,” पप्पा म्हणाले. “ही कुणाची, एवढंच. दोन सेकंदांचं काम.”

आईने मेथीची जुडी खाली ठेवली होती. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी खूण केली आणि पान उलटलं.

शेवटचा प्रश्न मी आधी मनात वाचला. टाईप करायला असता तर बोटं थांबलीही नसती. पानाकडे बघतच मी विचारलं, “आपण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं का?”

“काही दिवस,” पप्पा म्हणाले. बाकीच्या प्रश्नांना म्हणाले होते त्याच आवाजात. मग आमच्याकडे बघून म्हणाले, “करणारबिरणार नाही मी काही. विचारलंस म्हणून सांगितलं.”

आई चहा टाकायला उठली. साखरेचा डबा तिच्या समोर होता आणि तिला तो सापडत नव्हता.

मी फॉर्म पाकिटात घातला. पाकीट चिकटवलं नाही. फॉर्मला शेवटी काहीतरी राहतंच, फोटो, सही, नाहीतर शिक्का, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. आणि नमुन्याची गोष्ट माझ्या डोक्यातही आली नाही. पप्पांच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते ड्रायव्हर काकांनी नंतर आम्हाला सांगितलं. सकाळची हजेरी झाल्यावर पप्पा मागच्या अंगणात पंपाची चाचणी घेत होते. पप्पांना काका म्हणणाऱ्या पोरांपैकी कुणीतरी पाण्याच्या आवाजात ओरडलं, “काका, नमुना घेतो हो,” आणि पप्पांनी मान हलवली. त्यांना वाटलं, कुणी होजपाईप मागतंय. बॅग नेहमीच्या खुंटीला होती. कॅरम बोर्डवर पाकीट उघडलं गेलं आणि अर्ध्या तासात चौदा फॉर्म तयार झाले. नाव आणि वय फक्त प्रत्येकाने आपलं घातलं, ह्या वेळी अगदी लक्ष देऊन. मग पप्पांचा मूळ फॉर्म त्यांनीच नीट घडी घालून पेटीत टाकला, पप्पांना परत चक्कर नको म्हणून.

संध्याकाळी मॅडमनी पेटी उघडली. पंधरा माणसं, पंधरा जणांना सारखीच झोप येत नव्हती, आणि पंधराही जणांना काही दिवस आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटत होतं. प्रश्न जिवाचा होता, म्हणून मॅडमना ते साहेबांना सांगावंच लागलं.

पुढच्या दिवशी अकराच्या सुमारास पप्पांचा फोन आला. “स्टेशनला ये. साहेबांनी बोलावलंय.”

“मला?”

“तुलाच. ये लवकर.”

मी स्कूटी काढली. पप्पा गेटबाहेरच उभे होते, पूर्ण युनिफॉर्ममध्ये. मला त्यांनी झाडाखाली घेतलं. रागात किंवा घाईत असले की ते बारवीकडच्या त्यांच्या गावासारखं बोलतात, तसं बोलत होते. “मोठा घोळ झाला. ऐक. साहेबांना मी सांगितलाय, पोरीकडून खुणा चुकून लागल्या, घाईत होती. तू फक्त हो बोल.”

“एवढंच?”

“एवढंच. नाहीतर मला गाडीवरून उतरवतील. वॉच रूमला बसवतील.”

वॉच रूम म्हणजे फोनची खोली. कॉल आला की रजिस्टरमध्ये नोंद करायची, घंटा द्यायची, आणि बाकीचे धावत जाऊन गाडीवर चढले की खिडकीतून बघत बसायचं. पाठीचं ऑपरेशन झालेल्यांना तिथे बसवतात. पप्पांची वीस महिने नोकरी उरली होती आणि ती सगळी त्या खिडकीत काढायच्या कल्पनेने त्यांचा चेहरा उतरला होता. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे ते काही मागताहेत, असंही कधी झालं नव्हतं.

ऑफिसात साहेब होते आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर मॅडम. साहेबांनी मला बसायला सांगितलं. पप्पांनाही सांगितलं, पण ते उभेच राहिले, हात मागे बांधून.

“बेटा,” साहेब म्हणाले, “माझी पंधरा माणसं एका दिवसात दुःखी झाली. आणि तीही एकाच मापाने.” ते स्वतःच थोडे हसले. “चौदांचं मला कळलं, ते कॉपीबहाद्दर आहेत. राहिला तुझ्या पप्पांचा. ते म्हणतात तू घाईत भरलास. होतं असं. हो ना?”

माणूस चांगला होता. त्यांनी दार उघडून ठेवलं होतं आणि मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. मला ‘हो’ म्हणणं फार सोपं जातं. शाळेत, ऑफिसच्या कॉलवर, नातेवाइकांत, हो म्हटलं की लोक पुढे काही विचारत नाहीत.

मॅडम म्हणाल्या, “सर, तिला हो-नाही मध्ये अडकवू नका ना. तू सांग, बाळा. फॉर्म कसा भरलास? क्या किया पहले?”

त्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणींच्या आयांसारख्या बोलत होत्या, मराठीत हिंदी मिसळून, सिंधी हेल काढून. मला जरा बरं वाटलं. मी पप्पांकडे बघितलं. ते समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. कॅलेंडरवर जानेवारी होता. मला मे दिसत होता, आणि त्यानंतरचे सगळे महिने, आणि भिंगातून दिसणारी त्यांची वाकलेली पाठ. आज हो म्हटलं तर सगळं सुरळीत होईल, आणि ते परत आमच्या दाराबाहेर एकटे उभे राहतील, आणि मी आतून बघत राहीन.

“मी एकेक प्रश्न मराठीत विचारला,” मी म्हटलं. “त्यांनी उत्तर दिलं. मग खूण केली.”

“सगळे?” साहेबांनी विचारलं.

“सगळे.”

“शेवटचा पण?”

“शेवटचा पण. आई होती तिथे.”

पप्पांनी टाचा जुळवून साहेबांना सलाम केला आणि बाहेर निघून गेले.

मी लगेच घरी न जाता व्हरांड्यातल्या बाकावर बसले. तेवढ्यात साहेबांनी सगळ्यांना बंबासमोर उभं केलं. मॅडमनी प्रत्येकाचा फॉर्म प्रत्येकाला परत दिला आणि सोबत मराठीतला नवा, रात्रीतून झेरॉक्स करून आणलेला. जुना फाडून टाका आणि हा भरा, असं साहेबांनी सांगितलं. “हात-हातभर अंतर ठेवून बसायचं, दहावीच्या परीक्षेसारखं. कुणाची मान वळलेली दिसली तर त्याचा पेपर काढून घेईन.”

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, “काका, पुढच्या वेळी नमुना जरा आनंदी आणा.”

पप्पा गाडीच्या पायरीवर बसून होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. आता सगळ्यांच्या हातात मराठी फॉर्म होता आणि शेजारी इंग्रजी, आणि आपण काल कशाकशावर खुणा केल्या ते प्रत्येकजण पहिल्यांदाच वाचत होता. बराच वेळ कुणी पेन चालवलं नाही.

ड्रायव्हर काका उठून मॅडमकडे गेले. “मॅडम, हा फाडायलाच पाहिजे का?”

“कॉपी आहे ना तो?”

“कॉपीच आहे. पण हे झोपेचं, आणि हे बधिराचं, बरोबर बसलंय. बाकीचं खोडून देतो. चालेल?”

मॅडम म्हणाल्या, चालेल. त्यानंतर आणखी दोघांनी आपले जुने फॉर्म तसेच ठेवले. त्यातला एक तर अजून पंचविशीचाही नसेल. साहेब लांबून बघत होते आणि ह्या वेळी त्यांनी काही गंमत केली नाही.

पप्पांना वॉच रूमला बसवलं. दोन महिने, मग बघू, असं साहेबांनी सांगितलं. त्याबरोबर दर गुरुवारी मॅडमकडे जायचं, सहा वेळा. ती ऑर्डर होती, म्हणून पप्पा जाणार होते. माझ्याशी त्यांनी बोलणं बंद केलं. भांडण केलं नाही, फक्त सगळं आईमार्फत. मी समोर बसलेली असताना म्हणायचे, “तिला सांग, गीझर चालू राहिलाय.” आईही सुरुवातीला माझ्यावरच चिडली होती. “हो म्हणायला तुझं काय जात होतं?” असं तिने दोनदा विचारलं. मग एका दुपारी कपडे वाळत घालताना, मी काही न विचारता, म्हणाली, “मला बोलावलं असतं तर मी हो म्हटलं असतं.” ते माझ्या बाजूने होतं की विरुद्ध, मला अजून कळलेलं नाही.

वॉच रूमबद्दल पप्पा तिच्याशी बोलायचे. “बायकांसारखं बसवून ठेवलंय,” असं एकदा म्हणाले. आई म्हणाली, “कुठली बाई बसलेली असते? दाखवा मला एक.”

मी बरोबर केलं का, हे मी त्या दिवसांत फार वेळा स्वतःला विचारलं. उत्तर दररोज वेगळं यायचं. कॉल येऊन बंब बाहेर पडल्याचं ते आईला सांगायचे, कुठे गेला, कोण कोण गेलं, किती वाजता परतला. सांगताना त्यांच्या आवाजात जे असायचं ते ऐकून मला वाटायचं, मी त्यांच्याकडून त्यांची एकमेव गोष्ट काढून घेतली. मग एखाद्या सकाळी आई सांगायची, आज चार तास झोपले.

पहिल्या काही वेळा घरचं कुणी सोबत असू द्या, असं मॅडमनी सांगितलं होतं. आईला जिन्यांचा त्रास, म्हणून मी जायचे. उल्हासनगरला कपड्यांच्या दुकानांवर तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली आहे. पप्पा पुढे बाईकवर, मी मागे स्कूटीवर, अंबरनाथवरून न बोलता तिथवर. पहिल्या दोन गुरुवारी ते वीस मिनिटांत बाहेर आले. घरी आईला म्हणाले, “काय बोलणार? पंपाची माहिती दिली. बाई ऐकून घेते.”

तिसऱ्या वेळी तास उलटून गेला. मी बाहेरच्या बाकावर बसून फोनवर कुठलीतरी एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचत होते. पप्पा बाहेर आले तेव्हा त्यांचं तोंड धुतलेलं होतं आणि कॉलर ओली होती. आम्ही जिना उतरलो. खाली एका गाडीवर डाळ-पकवान मिळतं. शाळेत असताना ते मी मैत्रिणींच्या डब्यातून खायचे. पप्पांनी दोन प्लेट सांगितल्या. उभ्याउभ्या खाताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू त्या दिवशी हो म्हटलं असतंस तर मी आज गाडीवर असतो.”

“हो,” मी म्हटलं.

“आणि,” ते म्हणाले. त्यांनी पकवानाचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला. मग म्हणाले, “कांदा घे. चांगला आहे.”

इतक्या दिवसांत ते माझ्याशी एवढंच बोलले होते. मी कांदा घेतला.

मागच्या गुरुवारी सहावी वेळ होती. दोन महिने होत आले आहेत. गाडीवर परत कधी, ते ठरलेलं नाही. मॅडम साहेबांना कळवतील, मग साहेब ठरवतील. आत बोलवायच्या आधी मॅडमनी बाहेर येऊन एक कागद दिला. तोच फॉर्म, आता मराठीत, नीट छापलेला. मी सवयीने पर्समधून पेन काढलं आणि हात पुढे केला.

“राहू दे,” पप्पा म्हणाले. “मी भरतो.”

त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. चष्मा लावला. पहिलं पान मांडीवर ठेवून त्यांनी डावा तळहात त्यावर आडवा धरला, वर्गात शेजारच्याला दिसू नये म्हणून मुलं धरतात तसा. ओठ हलत होते. ते प्रत्येक प्रश्न दोनदा वाचत असावेत, कारण खूण करायला फार वेळ लागत होता. मला प्रश्नांचा क्रम पाठ आहे. पेन कुठे थांबलं की ते कुठे आहेत ते मला कळत होतं. पान उलटलं. मग ते शेवटच्या ओळीवर आले आणि थांबले.

चार चौकोन एका रांगेत आहेत, डावीकडून उजवीकडे. त्यांच्या कोपराकडे नीट बघितलं असतं तर पेन कुठल्या चौकोनापर्यंत गेलं ते मला कळलं असतं. मी खिडकीकडे बघितलं. समोरच्या गच्चीवर एक बाई सतरंज्या झटकत होती. कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. पप्पा उठले, माझं पेन माझ्या शेजारी ठेवलं आणि आत गेले.

थोड्या वेळाने आईचा फोन आला. “झालं का? काय म्हणाली बाई?”

“आत आहेत अजून. आज परत फॉर्म होता.”

“मग? शेवटचं काय सांगितलं त्यांनी?”

“मला माहीत नाही.”

“म्हणजे? तू नाही भरलास?”

“त्यांनी भरला.”

मागे आईच्या कुकरची वाफ ऐकू येत होती. “नीट वाचून भरला?”

“हो. खूप वेळ लावला.”

“बघितलं नाहीस तू?”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि तिनेच फोन ठेवला.

मी बाकावर बसून राहिले. दार बंद होतं. आत पप्पा बोलत होते. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज येत होता, आणि तो बराच वेळ थांबला नाही.